लाकडासाठी स्क्रू घेताय? आधी ‘८ × ३५’ चा अर्थ समजून घ्या

शॉपिंग अ‍ॅपवर ‘वूड स्क्रू’ सर्च केलं की रिझल्ट्सचा पाऊस पडतो. काळे, पिवळे, चंदेरी. १०० नग, ५०० नग, सोबत बिट फ्री. फोटोत सगळे सारखेच दिसतात, म्हणून बहुतेक जण सर्वात स्वस्त पाकीट कार्टमध्ये टाकून मोकळे होतात. पण डोक्यावरची पुस्तकांची फळी असो की किचनमधलं कपाट, सगळं वजन शेवटी या छोट्याशा वस्तूवरच असतं. त्यामुळे ऑर्डर करण्याआधी पाच गोष्टी बघून घ्या.

१. जाडी: ८ म्हणजे ८ मिलिमीटर नव्हे

स्क्रूच्या पाकिटावर दोन आकडे असतात: जाडी आणि लांबी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण आपल्याकडे जाडी दोन पद्धतींनी लिहितात. ‘४ × ३५’ मधला ४ म्हणजे मिलिमीटर. पण ‘८ × ३५’ मधला ८ हा बहुतेक वेळा ‘नंबर’ असतो. काही लिस्टिंगमध्ये हेच उलटं, म्हणजे ‘३५ × ८ मिमी’ असं छापलेलं दिसतं आणि गोंधळ आणखी वाढतो.

नंबरचा हिशोब असा:

- ६ नंबर = सुमारे ३.५ मिमी
- ८ नंबर = सुमारे ४.२ मिमी
- १० नंबर = सुमारे ४.८ मिमी

म्हणजे ४ मिमी आणि ८ नंबर जवळजवळ सारखेच. खरोखर ८ मिमी जाडीचा स्क्रू पेन्सिलीपेक्षाही जाड असतो, घरातल्या फळीला तो लागत नाही. छोट्या बिजागरीला ६ नंबर आणि १८ मिमी प्लायच्या फळीला ८ नंबर, एवढ्यात घरची बरीच कामं होतात.

२. लांबी: एक भाग वर, दोन भाग खाली

साधा नियम म्हणजे स्क्रूचा साधारण एक तृतीयांश भाग वरच्या लाकडात आणि दोन तृतीयांश खालच्या लाकडात जायला हवा. १८ मिमी प्लाय दुसऱ्या प्लायच्या कडेत बसवायचा असेल तर ५० मिमीचा स्क्रू घ्या. दोन १८ मिमी प्लाय एकमेकांवर सपाट जोडायचे असतील तर एकूण जाडीच ३६ मिमी, तिथे ३० मिमीचा पुरे. त्याहून लांब घेतला तर टोक मागून बाहेर येईल.

३. काळा स्क्रू: स्वस्त आहे, पण कशासाठी?

काळे, बारीक, टोकदार स्क्रू बहुतेक वेळा ड्रायवॉल स्क्रू असतात, म्हणजे जिप्सम बोर्ड बसवण्यासाठी बनवलेले. ते कडक असतात, पण ठिसूळही असतात. वजन किंवा झटका आला की वाकण्याऐवजी सरळ तुटतात. वाकणारा स्क्रू निदान आधी इशारा देतो, तुटणारा देत नाही. शिवाय काळं फॉस्फेट कोटिंग गंजापासून फारसं वाचवत नाही. फळी, झोपाळा, भिंतीवरचं कपाट, यांना हे स्क्रू नकोच.

४. आटे आणि धातू

प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डसाठी ‘चिपबोर्ड स्क्रू’ घ्या. त्याचे आटे खोल असतात, त्यामुळे पकड चांगली मिळते. सागवानासारख्या भरीव लाकडाचे दोन तुकडे जोडताना मात्र अर्ध्याच भागात आटे असलेला स्क्रू चांगला. वरचा गुळगुळीत दांडा वरच्या फळीत मोकळा फिरतो आणि फळी खाली घट्ट ओढली जाते. पूर्ण आट्यांचा स्क्रू दोन्ही तुकडे एकदम पकडतो. मध्ये फट राहिली असेल तर ती तशीच राहते, कितीही पिळा.

घरातल्या कोरड्या जागेत झिंक कोटिंग चालतं. बाथरूम, बाल्कनी किंवा पावसाचे शिंतोडे येणारी जागा असेल तर ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टील. कोकण किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर ३१६. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेत तो जास्त टिकतो.

५. डोक्यावरची खाच

साधी प्लस खाच म्हणजे फिलिप्स. जोर लावला की बिट त्यातून सटकतं आणि खाच झिजते. प्लसच्या मध्ये चार बारीक तिरक्या रेघा दिसल्या तर ती पोझिड्रिव्ह. तिला पीएच२ नाही, पीझेड२ बिट लागतं. सहा टोकांच्या चांदणीसारखी दिसणारी टॉर्क्स खाच सर्वात कमी सटकते. ड्रिल मशीन वापरणार असाल तर तीच बघा.

ऑर्डर करण्याआधी फोनवर हे करा

- जुन्या स्क्रूच्या जागी नवीन हवा असेल तर तो मिमी पट्टीशेजारी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. तिरक्या फोटोत माप चुकतं. हाच फोटो हार्डवेअरच्या दुकानातही दाखवता येतो.
- पाकिटाची नाही, एका नगाची किंमत काढा.
- ग्राहकांनी टाकलेले फोटो झूम करून आटे आणि खाच बघा.
- पहिल्यांदा छोटं पाकीट मागवा आणि टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन स्क्रू पिळून बघा.

चांगला स्क्रू घेतला, आता?

थेट पिळू नका, आधी बारीक भोक पाडा. ४ मिमी स्क्रूसाठी प्लायमध्ये २.५ मिमी आणि कठीण लाकडात ३ मिमी ड्रिल बिट ठीक. एमडीएफच्या कडेत तर भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालूच नका, कड फुटते. पितळेचा स्क्रू मऊ असतो, म्हणून त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी आत घालून काढा, मग पितळेचा बसवा. फारच जड जात असेल तर आट्यांना थोडं मेण लावा.

आणि हो, हे सगळं लाकडापुरतं. फळी भिंतीला टांगायची असेल तर भिंतीत योग्य मापाचा प्लगही तितकाच महत्त्वाचा. स्क्रू कितीही भारी असला तरी नुसत्या प्लास्टरमध्ये तो धरणार नाही.