अडते कुठे : अक्षरावर की शब्दावर?

सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबादवर (आजचे छत्रपती संभाजीनगर) निजामाची राजवट होती. राजभाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या वर्गांत उर्दू वाचावी लागे.

उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत. ब आणि न ही अक्षरे जोडून लिहिली, की ‘बन’, ‘बिन’ किंवा ‘बुन’ यांपैकी काहीही वाचता येते. नेमके कोणते, हे शब्द आधीच माहीत असेल तर संदर्भावरून कळते. म्हणजे भाषेची ओळख कमी असली, की वाचन तिथेच अडखळते.

देवनागरीत स्वर लिहिलेले असतात. त्यामुळे न कळलेला शब्दही मोठ्याने वाचता येतो, आणि इथेच आपण शिक्षक फसतो. तांड्यावरून आलेले, घरी गोरमाटी बोलणारे एखादे मूल मराठी धडा घडाघडा वाचते. अर्थ विचारला की गप्प होते. त्याला पुन्हा बाराखडी गिरवायला लावून काय साधणार? त्याला हव्यात गप्पा, गोष्टी, नव्या शब्दांची तोंडी ओळख. अक्षरावरच अडणाऱ्या मुलाला मात्र अक्षर-ध्वनीचा सराव हवा. तेव्हा उपाय योजण्याआधी आपण एवढे पाहू या : मूल नेमके अडते कुठे?