सरकता क्लॅम्प आणि त्याचा लोडर

सरकता क्लॅम्प म्हणजे डीएनएची प्रतिकृती तयार होत असताना पॉलिमरेज या विकराला डीएनएच्या धाग्यावर टिकवून धरणारे कड्याच्या आकाराचे प्रथिन होय. ई. कोलाय या जीवाणूतील मुख्य पॉलिमरेजचा गाभा एकटा असताना मोजकीच न्यूक्लिओटाइडे जोडून धाग्यावरून सुटतो. क्लॅम्पला जोडला गेला की मात्र तो न सुटता हजारो न्यूक्लिओटाइडे जोडत जातो.

ई. कोलायमधील बीटा क्लॅम्प दोन सारख्या उपघटकांचा, तर यीस्ट, मानव इत्यादी दृश्यकेंद्रकी सजीवांतील पीसीएनए तीन उपघटकांचा असतो; तरीही दोहोंत सारख्या घडणीची सहा क्षेत्रे वर्तुळात बसलेली आढळतात. बीटा क्लॅम्पची स्फटिकरचना १९९२ मध्ये जॉन कुरियन व माइक ओडोनेल यांच्या गटांनी प्रसिद्ध केली. मधल्या छिद्राचा व्यास सुमारे ३५ अँगस्ट्रॉम आणि दुपेडी डीएनएचा सुमारे २० अँगस्ट्रॉम असल्यामुळे कडे रासायनिक बंधाने न चिकटताही धाग्याभोवती अडकून राहते व त्यावरून सहज सरकते.

मात्र बंद कडे लांबलचक धाग्यावर आपोआप चढत नाही, आणि या यंत्रणेचा खरा गाभा याच अडचणीच्या सोडवणुकीत आहे. हे काम क्लॅम्प लोडर करतो. दृश्यकेंद्रकींत त्याला आरएफसी म्हणतात. त्याचे पाच उपघटक सर्पिल मांडणीत असतात आणि एटीपीचे रेणू बहुतांशी उपघटकांच्या सांध्यांत बसतात. एटीपी नुसता बांधला गेला की लोडर क्लॅम्पला धरून त्याचा एक सांधा उघडा ठेवतो आणि प्राइमर जेथे संपतो तेथील डीएनए त्या फटीतून आत घेतो. डीएनए जागेवर बसल्यावरच एटीपीचे जलविच्छेदन होते, लोडरची पकड ढिली पडते, कडे मिटते आणि लोडर निघून जातो. कडे उघडण्यासाठी एटीपी फोडावा लागत नाही. तो फुटतो सोडण्यासाठी, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लोडर व पॉलिमरेज दोघेही क्लॅम्पच्या एकाच पृष्ठभागाला चिकटत असल्याने लोडर बाजूला झाल्याखेरीज पॉलिमरेजला तेथे जागा मिळत नाही, आणि कामाचा क्रम त्यातूनच पाळला जातो.

तुकड्यातुकड्यांनी घडणाऱ्या धाग्यावर प्रत्येक ओकाझाकी खंडासाठी नवा क्लॅम्प चढवावा लागतो. हे खंड जीवाणूंत १,००० ते २,००० न्यूक्लिओटाइडांचे, तर दृश्यकेंद्रकींत १०० ते २०० न्यूक्लिओटाइडांचेच असतात. त्यामुळे वापरलेली कडी उतरवणेही तितकेच आवश्यक ठरते. यीस्टमध्ये ते काम मुख्यतः आरएफसीसारख्याच, पण एल्ग१ हा उपघटक असलेल्या संकुलाकडे असते आणि ते संकुल नसल्यास पीसीएनए गुणसूत्रांवर साचत जाते.