पाय ब्रेकवर, कान क्लचकडे

सॅन स्टॉर्म एकदा पाहिलेला माणूस ती सहसा विसरत नाही. १९९८ मध्ये आलेली, गोव्यात बांधलेली, दोन सीटची, टप उघडणारी, फायबरच्या बॉडीची गाडी. आत रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. फार थोड्या बनल्या, त्यातल्या आज चालत्या आहेत त्या मालकांच्या मायेवर. पुढच्या घटनाक्रमातली गाडी तशीच एक. ती, तिचा मालक आणि तो रविवार मी कल्पिलेला आहे, पण बिघाडाचा प्रत्येक टप्पा खरा आहे. कुठल्याही जुन्या गाडीत तो याच क्रमाने घडू शकतो. मांडतो आहे ते एवढ्यासाठी की ‘घाटात अचानक ब्रेक फेल झाला’ हे वाक्य वाचलं की मला राग येतो. त्यातलं ‘अचानक’ जवळजवळ कधीच खरं नसतं.

शनिवार, संध्याकाळी ६.१५. उरले २२ तास ४० मिनिटं.

धाटावमधलं गॅरेज. मालक इथल्याच एमआयडीसीत केमिकल कारखान्याच्या मेन्टेनन्सला, पंपाचं बेअरिंग आवाजावरून ओळखणारा. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी त्याने आठवड्यापूर्वी बाहेर काढली. आता बॉनेट उघडं, इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. खालून घरघर येते. क्लच दाबला की बंद, सोडला की परत सुरू.

“शेठ, गिअरबॉक्सचं बेअरिंग बोलतंय,” मेस्त्री म्हणतात. “गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तोवर क्लच जपून वापरा. उगाच गिअर बदलू नका.”

निदान बरोबर आहे. क्लच सोडलेला असला की न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. पेडल दाबलं की तो सुटतो, थांबतो आणि त्याच्या बेअरिंगचा आवाजही थांबतो. याच्या उलट, दाबल्यावरच चिरका आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. अशा घरघरीवर गाडी बरेच दिवस निघते.

पण मालकाने दुसऱ्या आवाजाचंही सांगितलं होतं. गाडी चालताना पुढून एक बारीक, पत्र्यासारखी चिर्र येते आणि गाडी थांबवायला लागलं की जाते.

“तेच ते,” मेस्त्री म्हणतात. “थांबवताना क्लच दाबता ना?”

दाबतो. सगळेच दाबतात. पण थांबवताना दोन्ही पाय खाली जातात, डावा क्लचवर आणि उजवा ब्रेकवर. आवाज कुठल्या पायाने बंद केला, हे कुणी विचारलंच नाही. ब्रेक पॅड झिजून संपत आला की त्याला जोडलेली पोलादी पट्टी डिस्कला घासते आणि चालत्या गाडीत चिरकते. ब्रेक दाबल्यावर पॅड घट्ट बसतो आणि पुष्कळदा ती गप्प होते. म्हणजे गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि संपलेला पॅड, दोघंही थांबताना गप्प. उभ्या गाडीत तर चाकच फिरत नाही, तेव्हा गॅरेजमध्ये इंजिन कितीही फिरवलं तरी हा आवाज ऐकू येणं शक्य नाही. दोघांना वेगळं करायला मोकळा, सपाट रस्ता आणि दहा मिनिटं पुरतात. तीसच्या वेगाला आधी गाडी न्यूट्रलला टाकून फक्त क्लच दाबायचा आणि ऐकायचं. मग क्लच सोडून फक्त ब्रेकला हलका पाय लावायचा, पुन्हा ऐकायचं. रोहा–कोलाड रस्त्यावर पहाटे ते सहज जमलं असतं.

रविवार, सकाळी ७.०५. उरले ९ तास ५० मिनिटं.

निघण्यापूर्वी मालक ब्रेक ऑइलची बाटलीवजा टाकी बघतो. पातळी खालच्या खुणेशी आलेली. कपाटातली अर्धी बाटली ओतून तो ती वर आणतो.

इथे माझं मन सगळ्यात जास्त अडकतं. गळती नसताना ब्रेक ऑइल कमी होतं ते बहुधा पॅड झिजल्यामुळे. पॅड पातळ झाला की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागे तेवढं ऑइल जाऊन बसतं. पातळी पॅडचीच तक्रार सांगत होती आणि ती वरून तेल घालून बंद केली गेली.

टाकीतलं ऑइल काळपट तपकिरी झालेलं आहे. हे ऑइल हवेतली ओल पितं आणि कोकणात ओल काही कमी नाही. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मुरलेली ओल साडेतीन टक्क्यांच्या आसपास गेली की ती मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी पूर्ण काढून बदलायचं असतं. बाटली कपाटात उघडी राहिलेली असेल तर तिच्यातल्या ऑइलनेही ओल घेतलेली असते.

सकाळी ८.४०. उरले ८ तास १५ मिनिटं.

कोलाड, सुतारवाडी, विळे. शेजारी पुतण्या. डाव्या पुढच्या चाकाचा पिस्टन पावसाळ्यात गंजून जाम झालाय; ब्रेक सोडला तरी तो पूर्ण मागे जात नाही. गाडी किंचित डावीकडे ओढते. मालक स्टिअरिंग सरळ धरून ठेवतो.

सकाळी ९.५०. उरले ७ तास ५ मिनिटं.

ताम्हिणीच्या चढावर वास येतो.

“काका, काहीतरी जळतंय.”

“क्लच असेल रे. चढ आहे ना.”

क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड, दोन्ही घर्षणाच्याच वस्तू. जळल्यावर वास जवळपास सारखा येतो. वासावरून फरक सांगणं कठीण असतं, चाकांवरून सोपं असतं. गाडी थांबवून चारही चाकांजवळ नुसता तळहात न्यायचा, टेकवायचा नाही. एका चाकाची धग वेगळी लागली की शोध संपला. मालक वर पोचल्यावर थांबतोही, पण उघडतो ते बॉनेट.

दुपारी ४.१०. उरली ४५ मिनिटं.

मुळशीच्या पाण्याकाठी जेवण, गप्पा. दुपारभर गाडी थंड झालीय. परतीचा उतार सुरू होतो.

मुळशी धरणाचं हेच पाणी बोगद्यातून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं. ते वीजघर १९२७ पासून चालू आहे. पडण्यातली सगळी ताकद तिथे टर्बाइनला देऊन ते कुंडलिकेत येतं आणि कोलाड, धाटाव, रोहा करत खाडीला मिळतं. गाडीलाही जवळपास तेवढंच उतरायचं आहे, पाचशे मीटरच्या आसपास. दोन माणसांसकट वजन हजार किलो धरलं, तर त्या उतरण्यातून जेवढी उष्णता निघते तेवढीत पंधरा लिटर पाण्याला उकळी येईल. ती कुठेतरी जायलाच हवी. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये उतरलं तर इंजिनाचा वाटा शून्य.

मालकाच्या डोक्यात शनिवारचं वाक्य आहे: क्लच जपा. तो गाडी न्यूट्रलला टाकतो.

पुण्यातल्या नवले पुलाजवळचा २० नोव्हेंबर २०२२ चा अपघात आठवा. ट्रकने उतारावर एकामागून एक गाड्या चेंगरल्या, त्या रात्री सगळे ब्रेक फेलच म्हणत होते. तपासात पोलिसांनी सांगितलं ते वेगळं होतं: चालकाने इंधन वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं. कारण वेगळं, पण चूक या जातीचीच. उतारावर इंजिनाचा हात सोडायचा नसतो.

४.२८. उरली २७ मिनिटं.

“आवाज गेला बघ,” मालक खूश होऊन म्हणतो. घाटभर चिर्र आलेली नाही. येणार कशी? घाटभर पाय ब्रेकवर आहे.

४.३६. उरली १९ मिनिटं.

दरीच्या बाजूला फोटोसाठी थांबतात. यातला हा टप्पा मला सगळ्यात क्रूर वाटतो. चालत्या गाडीत डिस्कवर वारा खेळतो. थांबल्यावर तो बंद होतो आणि तापलेल्या डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये, पिस्टनमधून ऑइलमध्ये मुरत राहते. जाड पॅड ती अडवतो, पण डावीकडे आता पॅडच उरलेला नाही. गाडी उभी असताना, दोघं हसत फोटो काढत असताना, कॅलिपरमध्ये ऑइल उकळायला लागतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते.

४.४७. उरली ८ मिनिटं.

पहिल्याच वळणावर पेडल मऊ लागतं. गाडी हळू होते, पण उशिरा. मालक पुन्हा एकदा दाबतो, जरा वर येतं. दोन्हीकडे गाड्या नाहीत, उजवीकडे डोंगर, थांबायला जागा आहे. क्लच दाबून तिसरा, मग दुसरा गिअर टाकायला वेळही आहे.

४.५३. उरली २ मिनिटं.

“काका, हळू.”

पेडल तळाला टेकतं. परत मारतो, परत तळाला. आता गिअर आठवतो. पण न्यूट्रलमध्ये वेग साठच्या पुढे गेलाय आणि घाईत दुसरा गिअर लागत नाही. हँडब्रेक एकदम खेचला जातो, मागची चाकं अडकतात, गाडी आडवी होते.

४.५५.

ती दरीकडे जात नाही, डोंगराकडच्या गटारात जाऊन कातळावर आदळते. फायबरची बॉडी पुढून फुटून जाते. पुतण्याचे दोन्ही पाय डॅशबोर्डखाली अडकलेले. मागून येणारे लोक त्याला बाहेर काढतात, तेव्हा तो शुद्धीवर आहे.

सोमवार, सकाळी ११.

गाडी टोचनने खाली आणलेली. तपासायला आलेला माणूस आत बसून ब्रेक दाबतो. पेडल कडक आहे, कारण ऑइल थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं. एवढ्यावर कागदावर ‘ब्रेक कार्यरत, चालकाचा ताबा सुटला’ असं लिहून मोकळं होता येतं. चाक काढलं तरच बाकीचं दिसतं: तापून निळी पडलेली डावी डिस्क, तिच्यावर पोलादाने ओढलेली खोल चर, पॅडच्या जागी उरलेली नुसती पाठीची पट्टी, आणि कॅलिपरमधून काढून तपासलं तर पाणी निघणारं ऑइल. उजवीकडच्या पॅडवर अजून अर्धी जाडी शिल्लक आहे.