उडालेल्या थव्याची मालकी : जर्मन नागरी संहितेच्या चार कलमांवर भाष्य

1 जानेवारी 1900 रोजी अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेत मधमाश्यांच्या थव्यासाठी चार स्वतंत्र कलमे आहेत. पेटीत दाटी झाली की जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांसह बाहेर पडते. तो थवा कोणाचा, एवढाच त्यांचा विषय. कलमांचा आशय माझ्या शब्दांत देतो.

961. थवा उडाल्यावर मालकाने विनाविलंब पाठलाग केला नाही, किंवा मध्येच सोडला, तर थवा कोणाचाच राहत नाही.

गुरांना बिल्ला लावता येतो; फांदीला लटकलेला माश्यांचा घोस कोणाचा, हे पाहून सांगता येत नाही. म्हणून मालकीची खूण कायद्याने माणसाच्या धावपळीत शोधली. मला ही तरतूद फार न्याय्य वाटते. ‘विनाविलंब’चा अर्थ कलम 121 देते: स्वतःच्या दोषाने उशीर न करता. जाळी आणि पेटी आणायला लागलेला वेळ दोष धरू नये.

962. पाठलागात परक्या जमिनीत शिरता येते. थवा दुसऱ्याच्या रिकाम्या पेटीत बसला असेल, तर ती उघडून पोळी काढता वा तोडता येतात. नुकसान मात्र भरून द्यावे.

हे कलम नसते तर 961 ची अट कुंपणापाशीच अडली असती. रिकाम्या पेटीत पोळी कुठून आली? माश्या गेल्या तरी जुनी पोळी मागे राहतात आणि त्यांच्या वासाने नवे थवे तिथे ओढले जातात. मसुदा करणाऱ्यांना मधपाळाचे काम नीट ठाऊक होते.

963. अनेकांचे थवे एकत्र झाले, तर पाठलाग करणारे सगळे सहमालक. वाटा थव्यांच्या संख्येवर.

मोठा थवा आणि लहान थवा इथे सारखेच. माश्या मोजणार कोण?

964. थवा दुसऱ्याच्या भरलेल्या पेटीत शिरला, तर तो त्या पेटीच्या मालकाचा.

इथे पाठलागही कामी येत नाही, आणि भरपाईबद्दल कलमात अक्षर नाही. कठोर आहे, पण मिसळलेल्या माश्या वेगळ्या करायच्या तर नांदती वसाहत उद्ध्वस्त होईल. त्यामुळे वाद उरतो तो पेटी आधी रिकामी होती की भरलेली, एवढाच. पुरावा पोळ्यातच असतो: कामकरी माशीचे घर अंडे घातल्यापासून साधारण नवव्या दिवशी बंद होते, म्हणून काल आलेल्या थव्याच्या पोळ्यात झाकलेली पिल्ले दिसली, तर ती त्याची नव्हेत.