विळीचा वंशज : फूड प्रोसेसरचा घरगुती इतिहास

फूड प्रोसेसर असलेल्या कितीतरी घरांत ओट्यावर त्याचे चटणीचे छोटे भांडेच दिसते. मोठे भांडे, चकत्या आणि किसण्या खोक्यात, खोके माळ्यावर. ‘त्यात काही नीट होत नाही,’ ही तक्रार सोबत असतेच. मला या तक्रारीचे मूळ गृहिणीच्या हातात किंवा यंत्राच्या दर्जात दिसत नाही. ते यंत्राच्या कुळात आहे.

आपल्या स्वयंपाकघरात कापणे आणि वाटणे ही दोन स्वतंत्र कामे. विळी आणि खोवणी ही धारेची साधने. जाते, पाटा-वरवंटा, खलबत्ता ही भाराची. धार पदार्थाचे तुकडे करते. दगड पदार्थ चिरडतो, रगडतो. त्यामुळे खोबऱ्यातले तेल आणि रस सुटून वाटण एकजीव होते. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे, ती याच खरखरीसाठी.

फूड प्रोसेसर हा धारेच्या कुळातला. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर व्हेर्दाँ यांनी ‘रोबो-कूप’ हे यंत्र हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी आणले. १९७१मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते अमेरिकी अभियंते कार्ल सोन्थायमर यांनी पाहिले आणि १९७३मध्ये ‘क्विझिनार्ट’ या नावाने अमेरिकी घरांसाठी बाजारात आणले. भाज्या चिरणे, चकत्या करणे, मांस बारीक करणे, पीठ मळणे ही त्याची कामे. म्हणून भांडे रुंद आणि पाते तळाशी, मिनिटाला दीड हजारांच्या आसपास फिरणारे. ओल्या मिरच्या-खोबऱ्याचे वाटण त्याच्या जन्मदात्यांच्या मनातही नव्हते.

आपल्याकडचा मिक्सर वेगळ्या गरजेतून आला. १९६०च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकला नाही. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंते होते. त्यांनी कोरडे आणि ओले दोन्ही वाटण सोसेल अशी दणकट मोटर घेऊन ‘सुमीत’ घडवला. इथेही पातेच होते, दगड नव्हे. पण उंच, अरुंद भांडे आणि मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांचा वेग यांनी दगडाची उणीव बरीचशी भरून काढली. पुढे भारतीय कंपन्यांनी रुंद भांडे आणि मिक्सरची भांडी एकाच मोटरवर बसवली. दोन कुळे एका छताखाली आली, पण स्वभाव वेगळेच राहिले.

हे ओळखले की बरेच प्रश्न सुटतात. माझ्या अनुभवात कांदा मोठ्या भांड्यात सारख्या फोडी करून, बटण क्षणभर दाबत-सोडत चिरला तर मोकळा राहतो; सलग फिरवला की पाणी सुटते. शेंगदाणे भाजून पूर्ण गार झाल्यावरच कूट करावे. गरम दाण्यांना लगेच तेल सुटून गोळा होतो. कणकेसाठी आधी पीठ व मीठ, मग यंत्र चालू ठेवून वरच्या नळीतून पाण्याची बारीक धार. गोळा जमून फिरू लागला की थांबावे. पुढे कणीक तापते. वाटण मात्र छोट्या भांड्यातच: भांडे अर्धेच भरावे, आधी थोडे पाणी, मसाला बारीक झाल्यावर उरलेले. इडलीची डाळ थंडगार पाण्याने वाटावी, म्हणजे वेगाच्या उष्णतेने पीठ तापत नाही.

तरीही ‘पाट्यावरच्या चटणीची सर नाही’ असे म्हटले जातेच. चवीचा फरक खरा आहे. पण ती चव कोणाच्या खांद्यांनी दिली, हे त्या वाक्यात येत नाही. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात संकलित झालेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाहून अधिक आहेत. एवढे गाणे साठले, कारण एवढे दळण होते. त्या ओव्यांमध्ये माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे, आणि कष्टही आहेत.

यंत्राने कष्ट आपोआप सुटतात, असेही नाही. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवले, की घरगुती यंत्रे आली तरी गृहिणीचे काम संपले नाही. अपेक्षा वाढल्या आणि इतरांचे हात मोकळे झाले. आपल्याकडेही मिक्सर आला आणि रोज ताजे वाटण हा नियम होऊन बसला.

म्हणून माळ्यावरचे खोके खाली काढताना दोन गोष्टी सोबत घ्याव्यात असे मला वाटते. एक, या यंत्राकडे पाट्याची नव्हे, विळीची कामे मागावीत. दुसरी, ते चालवायला घरातल्या सगळ्यांनी शिकावे. पाट्यावर बसणे एकीच्याच वाट्याला आले होते. बटण दाबायला तसे कारण उरलेले नाही.