पुण्यातील एका खेळाची बखर

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मोजक्या मंडळींच्या स्टुडिओने २०१७ साली ‘राजी’ या व्हिडिओ गेमसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले, तेव्हा मुदतीत उद्दिष्टाइतकी रक्कम जमली नाही. आणि लक्ष्य अपुरे राहिल्यास वर्गणी दात्यांकडेच राहावी असा तेथील दंडक असल्यामुळे मंडळींच्या पदरात छदामही पडला नाही. तरीही काम थांबले नाही, हे मला या वृत्तांतातील सर्वांत मोलाचे वाटते.

असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली राजी, तिच्या पराक्रमाचे निवेदन करणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तुशिल्पाची आठवण करून देणारे प्रासाद, आणि कथाभाग उलगडणाऱ्या छायाबाहुल्या! आपल्याकडील चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी कंदिलाच्या उजेडात पाहिला असेल, त्यांस हे दृश्य परके वाटणार नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विचवर व त्याच वर्षी इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला, आणि वर्षअखेरीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात स्वतंत्र स्टुडिओंच्या पदार्पणातील उत्कृष्ट खेळांच्या नामांकनांत त्याचे नाव झळकले.