साताऱ्यातला दरबार

१९१७ साली नारायण वामन टिळक साताऱ्यात राहायला आले. वय पंचावन्नच्या पुढे. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटलो. पण साताऱ्यात आलेला माणूस वेगळा होता. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी तिथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती.

पगार सोडण्याला एक मागची गोष्ट आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा ते आप्तांसाठी ‘बाटगे’ झाले. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नगरला नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळं लगेच सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, म्हणजे मध्ये पाच वर्षं गेली. नवऱ्याच्या मागून मुकाट जाणारी बाई इतकी थांबत नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला त्यांच्या श्रद्धेइतकीच ही पाच वर्षं महत्त्वाची वाटतात.

मी मिरजेच्या ख्रिस्ती घरातला, आता पुण्यात कोड लिहितो. ऑफिसात आडनावावरून चौकशी होते, ग्रुपवर ‘राइस बॅग’चे मीम येतात. कुणीतरी हसत विचारतं, “तुमच्या आजोबांना किती पोती मिळाली?” आपण चिडलो की विनोद कळत नाही असं ठरतं. त्यात माझी स्वतःची श्रद्धाही काही रोज ठणठणीत नसते. विज्ञान शिकलेला मित्र “तू खरंच हे मानतोस?” असं विचारतो, तेव्हा उत्तर चटकन येत नाही.

अशा वेळी टिळकांचं उदाहरण देणं सोपं असतं. बघा, चित्पावन ब्राह्मण, विद्वान, कवी. त्यांना कुठली पोती? पण हे उत्तर मला आता पुरत नाही. त्यातून असं निघतं, की उपाशी माणसाची श्रद्धा खोटी आणि पोट भरलेल्याचीच खरी. दुष्काळात, गावकुसाबाहेर जगताना, ज्याला कुणी पहिल्यांदा शाळेत बसवलं, शेजारी बसून जेवलं, त्याला त्यातच देव दिसला तर लाज कुणाला वाटायला हवी?

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं. तिथे असंख्य माणसं बरी होऊन आपापल्या धर्मातच घरी गेली. नुसत्या मदतीने श्रद्धा विकत मिळत असती, तर मिरज कधीच ख्रिस्ती झाली असती.

टिळकांनी पगार सोडला म्हणून टोमणे थांबले नसावेत. हिंदूंना ते परके, आणि भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगणारे, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो म्हणणारे टिळक काही ख्रिस्ती लोकांनाही पचत नव्हते. दरबाराला दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धं राहिलं होतं. ते पूर्ण कुणी केलं? सोवळं सोडायला वेळ घेतलेल्या लक्ष्मीबाईंनी.

म्हणून मित्राच्या प्रश्नाला मी हल्ली एवढंच म्हणतो: हो, मानतो. आणि पोत्यांच्या प्रश्नाला: मिळाली असतील तर बरंच झालं, घरात भूक होती.